शालेय स्पर्धा संपली, मग खेळायचे कुठे? सातारा-सांगलीत मुला-मुलींचा लॅक्रॉस हंगाम उभा करायचा तर काय लागेल?

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे १४१ वे अधिवेशन भरले होते. लॉस एंजलिस २०२८ साठी पाच खेळांना त्या दिवशी मंजुरी मिळाली. १२८ वर्षांनी ऑलिम्पिकमध्ये परतणाऱ्या क्रिकेटने आपल्याकडचे सगळे मथळे व्यापले आणि ते स्वाभाविकच होते. बेसबॉल-सॉफ्टबॉल, फ्लॅग फुटबॉल आणि स्क्वॉश यांच्या जोडीला त्या यादीत आणखी एक नाव होते, लॅक्रॉस. जाळीदार काठीने चेंडू झेलायचा, झुलवायचा आणि फेकायचा हा खेळ आपल्या गावागावांत कबड्डी किंवा खो-खोसारखा ओळखीचा नाही. पण सातारा आणि सांगली हे जिल्हे अनोळखी खेळांना घाबरणारे नाहीत. इथल्या मुला-मुलींसाठी या खेळाचा स्थानिक हंगाम भरवायचा ठरले तर अडचण काठीची येईल की आणखी कशाची, याचा हा आढावा.

लॅक्रॉस म्हणजे नेमके काय?

उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी समाजांचा हा शेकडो वर्षांचा खेळ आहे. हॉडेनोसॉनी राष्ट्रसमूहासाठी तो आजही निव्वळ करमणूक नाही, त्याला धार्मिक अर्थ आहे. सतराव्या शतकात फ्रेंच मिशनऱ्यांनी तो पाहिला आणि काठीवरून त्याला आजचे नाव मिळाले. १८६७ मध्ये माँट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी त्याचे नियम लिहून काढले. १९०४ आणि १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये तो पदकांसाठी खेळला गेला, त्यानंतर १९२८, १९३२ आणि १९४८ मध्ये फक्त प्रात्यक्षिक म्हणून.

काठीच्या टोकाला जाळीची झोळी असते. तिच्यात टेनिसच्या चेंडूएवढा, पण भरीव रबराचा आणि दीडशे ग्रॅमच्या आत वजनाचा चेंडू ठेवून पळायचे. पळताना तो सांडू नये म्हणून काठी दोन्ही हातांनी पाळण्यासारखी हलवत राहायची. जमिनीवरचा चेंडू झोळीनेच उचलायचा, सहकाऱ्याकडे झोळीतूनच फेकायचा. १.८३ मीटर उंच आणि तेवढ्याच रुंद चौकोनी गोलमध्ये तो गेला की गोल. हात लावण्याची परवानगी फक्त गोलरक्षकाला, तीही गोलभोवतीच्या वर्तुळात.

ऑलिम्पिकमध्ये 'सिक्सेस' हा छोटा प्रकार आहे. एका संघाचे सहा जण मैदानात, संघात एकूण १२. मैदान ७० मीटर लांब, ३६ मीटर रुंद. आठ-आठ मिनिटांचे चार डाव. चेंडू ताब्यात आला की ३० सेकंदांत गोलवर फटका मारावाच लागतो. गोल झाल्यावर गोलरक्षक जाळीतून चेंडू काढतो आणि खेळ लगेच पुढे सुरू होतो. हँडबॉल पाहिलेल्यांना यातले डावपेच ओळखीचे वाटतील. लगोरीत नेम धरणाऱ्याला आणि खो-खोत हुलकावणी देणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात यातली गंमत कळेल.

मुलांचा आणि मुलींचा खेळ वेगळा का?

कारण दोन्ही वेगवेगळ्या वाटांनी वाढले. मुलींचा पहिला सामना १८९० मध्ये स्कॉटलंडमधील सेंट लिओनार्ड्स या शाळेत झाला आणि तिथून मुलींच्या खेळाचे नियम स्वतंत्रपणे घडत गेले. पारंपरिक मैदानी प्रकारात मुलांना अंगाने अडवण्याची मुभा असते, म्हणून हेल्मेट, हातमोजे, खांद्याचे आणि कोपराचे संरक्षक सक्तीचे. मुलींच्या खेळात अंगाला धडक देणे नियमबाह्य असते. तिथे डोळ्यांचा चष्मा आणि दातांचे संरक्षक पुरतात. गोलरक्षक मुलगा असो की मुलगी, डोक्यापासून छातीपर्यंत पूर्ण संरक्षण हवेच.

गावपातळीवर सुरुवात करणाऱ्यांसाठी यातून एक सोपा मार्ग निघतो. पहिल्या हंगामात मुलगे आणि मुली दोघांनीही मऊ चेंडूने, धडक न देता आणि दुसऱ्याच्या काठीवर काठी न मारता खेळायचे. त्यामुळे महागड्या चिलखताचा प्रश्न तूर्त टळतो, पालकांची धास्ती कमी होते आणि १२ वर्षांखालील मुले-मुली एकाच संघात खेळू शकतात. मात्र मिश्र संघात एक नियम कागदावर लिहूनच घ्यावा: कोणत्याही क्षणी मैदानात किमान दोन मुली असतील. तोंडी ठरलेले असले की अटीतटीच्या सामन्यात मुली बाकावर बसतात, हे कोणताही क्रीडाशिक्षक सांगेल.

स्पर्धा भरपूर आहेत, मग हंगाम कशाला?

खरा मुद्दा इथे आहे. आपल्याकडे मुलांचा खेळ म्हणजे स्पर्धा. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची शिडी ठरलेली असते आणि सांघिक खेळ बहुतेक वेळा बाद पद्धतीने होतात. आठ संघांची बाद फेरी म्हणजे एकूण सात सामने. त्यातले चार संघ पहिल्याच सामन्यानंतर घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचा वर्षभराचा सराव एका सामन्यात संपतो. नऊला टेम्पोतून उतरलेला संघ अकराला वडापाव खाऊन परतीच्या वाटेला लागलेला असतो.

त्याच आठ संघांना साखळी पद्धतीने खेळवले तर २८ सामने होतात आणि प्रत्येक संघाला सात सामने मिळतात. हरलेला संघ पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात येतो. पहिल्या रविवारी चेंडू झोळीत न टिकणारी मुलगी सातव्या रविवारी गोल करते आणि तिचे आई-वडील ते पाहायला आलेले असतात. हंगाम म्हणतात तो याला. अमेरिका-कॅनडातील वस्त्यांमध्ये मुलांचा खेळ याच पद्धतीने चालतो. आठवड्याला एक-दोन सराव, एक सामना, आणि हे दोन-अडीच महिने.

सातारा-सांगलीत 'हंगाम' म्हटले की आधी कारखान्याचा गळीत हंगाम आठवतो. तुलना तशी वावगी नाही. तिथेही एक दिवसाची धामधूम उपयोगाची नसते, रोजचे गाळप मोजले जाते.

आकडा छोटा ठेवून पाहू. मुलांचे सहा आणि मुलींचे सहा संघ, प्रत्येकी १२ खेळाडू, म्हणजे १४४ मुले-मुली. प्रत्येक गटाची एकेरी साखळी १५ सामन्यांची, दोन्ही मिळून ३०. डावांची ३२ मिनिटे आणि मधल्या विश्रांती धरल्या तर एक सामना पाऊण ते एक तासात आटोपतो. सकाळी सात ते अकरा एकाच मैदानावर चार सामने. आठ रविवारांत हंगाम पूर्ण. एवढ्यासाठी स्टेडियम लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. आठही रविवार न चुकता मैदान उघडणारी माणसे मात्र लागतात.

अनोळखी खेळ इथे रुजतो का?

याचे उत्तर या दोन जिल्ह्यांनीच दिलेले आहे. फलटण परिसर हॉकीचा कधीच नव्हता. तरी सातारा जिल्ह्याच्या या भागातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे आणि ऋतुजा पिसाळ या मुली भारतीय हॉकीपर्यंत पोहोचल्या. हांगझो आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात वैष्णवी होती. फलटण तालुक्यातल्याच सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीत उतरला. त्याला पहिल्यांदा हेरले ते जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक विकास भुजबळ यांनी. ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेती झाली आणि त्याच दिवशी पुरुषांत जिंकलेला नागपूरचा ओजस देवतळेही साताऱ्यातच प्रवीण सावंत यांच्याकडे शिकत होता. कंपाउंड धनुष्य लॅक्रॉसच्या काठीपेक्षा कितीतरी महाग आणि दुर्मिळ वस्तू आहे.

सांगलीकडे पाहिले तर माधवनगरच्या स्मृती मानधनाने भाऊ श्रवणच्या मागोमाग क्रिकेट सुरू केले आणि नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती. मार्च २०२३ मध्ये सांगलीत झालेली पहिली महिला महाराष्ट्र केसरी सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. तालमीच्या मातीत मुलगी उतरणे ही गोष्ट एका पिढीपूर्वी याच जिल्ह्यात अनेकांना पचली नसती.

या सगळ्यांत एक समान धागा आहे. कुणीतरी शिक्षक, वडील किंवा भाऊ आडवळणाच्या खेळामागे उभा राहिला. दुसरा धागा थोडा खटकणारा आहे. यातल्या अनेकांना पुढचा खेळ शिकायला पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत किंवा अन्यत्र घर सोडून जावे लागले. असामान्य गुणवत्तेच्या मुलांना ती वाट मिळते. उरलेल्या शंभरांना गावात खेळायला काय आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

जपानचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथे लॅक्रॉस १९८० च्या दशकात विद्यापीठांतून सुरू झाला. २०२२ च्या वर्ल्ड गेम्समध्ये जपानच्या पुरुष संघाने सिक्सेसचे कांस्य जिंकले, कॅनडा आणि अमेरिकेच्या मागोमाग.

हंगाम कधी भरवायचा?

बाहेरचे वेळापत्रक इथे जसेच्या तसे चालणार नाही. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, माण तालुक्यात ५०० च्या आसपास. जावळी, पाटण, वाईत जून ते सप्टेंबर मैदान विसरायचे. सांगलीत पाऊस कमी, पण पाणी वरून येते. कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांवर गेली होती. २०२१ च्या जुलैतही शहरात पाणी शिरले. शिवाय वाळवा-मिरजेची काळी माती एकदा भिजली की बूट सोडत नाही. माण, खटाव, जत, आटपाडीच्या मुरमाड मैदानांवर मात्र जुलैतही सराव होऊ शकतो. म्हणजे पूर्व भागातल्या संघांना दोन महिने आधी काठी हातात घेता येईल, आणि हा दुष्काळी भागाला मिळालेला दुर्मिळ फायदा म्हणावा लागेल.

पाऊस संपताच सहामाही परीक्षा, मग दिवाळी. शालेय स्पर्धांच्या तारखाही याच महिन्यांत पडतात, आणि ज्या क्रीडाशिक्षकांच्या भरवशावर हंगाम उभा राहायचा ते तेव्हा कबड्डी-खो-खोचे संघ घेऊन फिरत असतात. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे दिवाळीनंतरचा आठवडा सोडून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ उरतो. हाच सर्वांत सोयीचा. थंडी आहे, मैदान कोरडे आहे आणि आठ रविवार सहज निघतात.

त्यातही दोन-तीन रविवार सोडावे लागतील. मार्गशीर्षात म्हसवडची सिद्धनाथाची रथयात्रा, पौषात पालीची खंडोबाची यात्रा आणि मांढरदेवची काळूबाई. ज्या गावची यात्रा त्या गावच्या संघाचा सामना त्या दिवशी लावला तर संघ येणार नाही आणि त्यात चूक संघाची नसेल. वेळापत्रक करणाऱ्याने भिंतीवरचे पंचांग आधी पाहावे.

सरावाची वेळ हा यापेक्षा नाजूक प्रश्न. डिसेंबरात सहाच्या सुमारास अंधारते. शाळा पाचला सुटते. याच दिवसांत गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाड्या रस्त्यावर असतात. अंधार पडल्यावर सायकलवरून परतणाऱ्या मुलीच्या घरच्यांना काय वाटत असेल हे सांगायला नको. म्हणून आठवड्यातला सराव शाळेच्या आवारात, शाळा भरण्याआधी तासभर ठेवावा. सामने रविवारी सकाळी. फ्लडलाइटचा सामना आकर्षक दिसतो, पण तो ठेवला की परगावच्या मुलींची संख्या घटलीच म्हणून समजा.

मैदान आणि साहित्य कुठून आणायचे?

मैदाने आहेत. साताऱ्यात छत्रपती शाहू जिल्हा क्रीडा संकुल आणि तालीम संघाचे मैदान, कराडला छत्रपती शिवाजी स्टेडियम, सांगली आणि मिरजेत शिवाजी महाराजांच्या नावाची क्रीडांगणे, शिवाय महाविद्यालयांची मोठी मैदाने. अडचण वेळेची असते. रविवारी सकाळी तिथे क्रिकेटचे चार-पाच डाव आधीच मांडलेले असतात. त्यामुळे आठही तारखांची लेखी परवानगी हंगाम जाहीर करण्याआधी हातात हवी. ४०० मीटर धावमार्गाच्या आतल्या हिरवळीवर मुलांसाठी थोडी आखूड केलेली दोन मैदाने आडवी आखता येतात. मग आठ रविवारांचे चार होतात. मैदान आखायला फक्की पुरते आणि गोलच्या चौकटी गावातला वेल्डिंगवाला लोखंडी पाइपातून करून देईल. जाळी घट्ट बांधलेली आणि चौकट जमिनीत पक्की रोवलेली हवी, कारण उलटलेली चौकट हा चेंडूपेक्षा मोठा धोका आहे.

काठ्यांच्या बाबतीत पहिली चूक म्हणजे प्रत्येक पालकाला काठी विकत आणायला सांगणे. ज्यांना परवडते तीच मुले मग उरतात. एका वेळी मैदानात दोनच संघ असतात. १२ आणि १२ मिळून २४ काठ्या, वर सहा जास्तीच्या. एवढ्या तीस काठ्यांवर एका मैदानाचे दिवसाचे सगळे सामने होतात, कारण एक सामना संपला की तेच साहित्य पुढच्या संघाकडे जाते. सुरुवातीच्या मऊ चेंडूच्या खेळात लहान मापाच्या सारख्याच काठ्या मुलगे आणि मुली दोघांनाही चालतात. आठवड्यात त्याच काठ्या वार लावून शाळांमध्ये फिरवायच्या. गोलरक्षकाचे दोन संच तेवढे चांगल्या प्रतीचे घ्यावेत, तिथे काटकसर नको. काठ्या संस्थेच्या, क्रमांक टाकलेल्या आणि वहीत सही घेऊन दिलेल्या. लेझीम-ढोलांची नोंद ठेवणाऱ्या मंडळांना ही वही नवी नाही.

मुली टिकतील कशा?

पहिल्या रविवारी मुली येतातच. प्रश्न पाचव्या रविवारचा असतो, आणि त्याहून अधिक आठवीनंतरचा. मुलगी तेरा-चौदाची झाली की घरून येणारी कारणे ठरलेली: अभ्यास, ऊन, उशीर, 'आता मोठी झाली'. यातली काही कारणे आयोजकांच्या हातातली नसतात. बरीचशी असतात.

मैदानावर कडी लागणारे, पाणी असलेले स्वच्छतागृह आहे का, ही पहिली गोष्ट. ते नसेल तर मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या डावात गरगरून बसतात. पाळीच्या दिवसांत तर त्या येतच नाहीत. सामना हलवावा, पण अशा मैदानावर मुलींचा गट ठेवू नये. दुसरे, प्रत्येक मुलींच्या संघाबरोबर एक स्त्री, मग ती शिक्षिका असो, आई असो की माजी खेळाडू. तिसरे, पोशाख. ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट चालेल असे आधीच सांगितले तर निम्मे वाद घरातच मिटतात. चौथी गोष्ट साधी वाटते, पण अनुभवी आयोजक तिलाच धरून असतात. मुलींचे सामने आधी लावायचे, सकाळी सातला. मुलांचे नंतर. उलट केले की मुलांचे सामने लांबतात, ऊन चढते आणि मुलींचा अंतिम डाव मंडप काढणाऱ्यांच्या गडबडीत होतो.

लॅक्रॉसची इथे एक जमेची बाजू आहे. क्रिकेटमध्ये मुलगा पाचव्या वर्षापासून गल्लीत खेळलेला असतो आणि मुलगी बारावीत असली तरी नवशिकी ठरते. इथे दोघांच्याही हातात ही काठी पहिल्यांदाच येणार. पहिले काही आठवडे तरी सुरुवातीची रेघ एकच असते.

मुलांच्या सुरक्षिततेबाबत मात्र 'आपलाच माणूस आहे' हे उत्तर पुरेसे नाही. प्रशिक्षकाची आधीची नोकरी तपासणे, मुलांबरोबर एकट्या प्रौढाने प्रवास न करणे, तक्रार कोणाकडे करायची ते नाव आणि फोन क्रमांक फलकावर लावणे, हे हंगामाच्या नियमांतच असावे. २०१२ चा पॉक्सो कायदा मैदानालाही लागू आहे, आणि अत्याचाराची माहिती असून ती न कळवणे हाही त्यात गुन्हा आहे.

शिकवणार कोण आणि पंच कोण?

आंतरराष्ट्रीय संघटना 'वर्ल्ड लॅक्रॉस'ची नियमपुस्तके इंटरनेटवर मोफत आहेत. ती इंग्रजीत आहेत. पहिल्या हंगामाला लागणारे नियम चार पानांच्या मराठीत मावतात. ती चार पाने झेरॉक्स करून प्रत्येक संघाला देणे हेच सर्वांत मोठे प्रशिक्षण ठरेल. हॉकी आणि हँडबॉल खेळलेली माणसे लवकर तयार होतात, हॉकीवाले काठीला सरावलेले असतात आणि हँडबॉलवाल्यांना मोकळी जागा दिसते. पंच म्हणून कबड्डी, खो-खोचे पंच घ्यावेत. शिट्टी वाजवण्याचा आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा झेलण्याचा त्यांचा अनुभव नियम पाठ असण्यापेक्षा मोलाचा. गुणलेखन आणि घड्याळ अकरावी-बारावीच्या मुलींकडे सोपवले तर पुढच्या वर्षीचे दोन पंच तिथेच घडतात.

१२ जणांच्या संघात सहाच मैदानात, त्यामुळे 'प्रत्येक खेळाडूला किमान दोन डाव' हा नियम सहज पाळता येतो. प्रशिक्षकाला तो जाचक वाटेल. जिंकण्यासाठी चांगले सहाच खेळवण्याचा मोह कोणाला होत नाही? पण बाकी सहा जण पुढच्या रविवारी येणार नाहीत.

डोक्याला मार लागलेले मूल त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, याला अपवाद नाही. ते स्वतः 'मी ठीक आहे' म्हणाले तरी नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय पुढच्या सामन्यातही नाही. १०८ ची रुग्णवाहिका मैदानाच्या कोणत्या फाटकाने आत येईल आणि त्या फाटकाची किल्ली कोणाकडे असेल, हे सकाळी सातच्या आधी ठरलेले हवे.

पैसा, नोंदणी आणि प्रमाणपत्राचे काय?

एका हंगामासाठी नवी संस्था काढण्याची घाई नको. नोंदणीकृत क्रीडा मंडळ, तालीम संस्था किंवा शिक्षण संस्थेच्या छत्राखाली सुरू करता येते. टिकले तर पुढे धर्मादाय आयुक्त कार्यालयात स्वतंत्र नोंदणी. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा समावेश सामाजिक दायित्व निधीत आहे. सिक्सेस आता २०२८ च्या ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यामुळे सातारा, शिरवळ किंवा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनीकडे जाताना अर्जात हे वाक्य आवर्जून लिहावे. बाकी वर्गणी कशी जमवायची हे गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना शिकवण्याची गरज नाही. फलकावर देणगीदाराचे नाव मोठे आणि संघाचे बारीक असे होऊ नये, एवढेच.

प्रमाणपत्राबाबत मात्र सावध राहावे. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात. याच आमिषाने आडवाटेच्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे विकली गेल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आलेली आहेत. स्थानिक हंगामाचे प्रमाणपत्र या लाभांसाठी धरले जात नाही. कोणता खेळ, कोणती संघटना आणि कोणत्या पातळीची स्पर्धा ग्राह्य, याचे उत्तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून त्या वर्षासाठी लेखी घ्यावे. पालकांच्या पहिल्या बैठकीतच हे स्पष्ट सांगितले तर दहा पालक उठून जातील. जातील ते जाऊ द्यावेत. प्रमाणपत्रासाठी आलेला संघ ते हाती पडताच मोडतो.

दोन्ही जिल्ह्यांचा एकत्र हंगाम शक्य आहे का?

दर रविवारी नाही. साताऱ्याहून सांगली सुमारे १२५ किलोमीटर, त्यात महामार्गाच्या रुंदीकरणामुळे वेळेचा भरवसा नाही. पहाटे चारला उठवून आणलेली मुले सातला काय खेळणार? सातारा, वाई, फलटण, माण यांचा एक गट आणि मिरज, सांगली, वाळवा, तासगाव यांचा दुसरा, असे स्वतंत्र हंगाम भरवावेत. कराड दोघांच्या मधोमध आहे. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी तिथे दोन्ही गटांतले सगळे संघ यावेत, फक्त विजेते नव्हेत. साताऱ्याचा पहिला सांगलीच्या पहिल्याशी खेळेल, सहावा सहाव्याशी. दोन आखूड मैदानांवर मुला-मुलींचे मिळून बारा सामने एका दिवसात बसतात, आणि शेवटचा सामना दुपारी दोनच्या आत संपला तर जत आणि म्हसवडची मुले दिवसाउजेडी घरी पोहोचतात.